भट्टीवाल्या बाक्सर चाचांना

चाचा, तुम्हाला वाचता येत नव्हतं. मराठीही नाही आणि उर्दूही नाही. फौजेत पगाराच्या कागदावर तुम्ही अंगठा उठवायचात आणि तो कारकुनानं आखलेल्या चौकोनात मावायचा नाही, असं चाची हसत हसत सांगायची. तेव्हा तुम्ही हयात असता तरी हे पत्र कुणीतरी तुम्हाला वाचूनच दाखवलं असतं, आणि ते काम बहुधा माझ्याकडेच आलं असतं. मी वाचता वाचता अडले असते, "थांबा चाचा, इथं मी जरा जास्तीचं लिहिलंय" असं म्हणाले असते, आणि तुम्ही मैदा मळता मळता म्हणाला असता, "पढ, पढ. जास्ती का मैं कम करके सुन लेता." आज शुक्रवार आहे, आमच्या शाळांच्या सुट्टीचा वार. सकाळी शाळेत पालकांची सभा झाली. तिथून आल्यावर मावशीनं वाढलं ते जेवले, भांडी घासली, स्वच्छ निघाली नाहीत असं वाटून पुन्हा घासली, आणि आता ओसरीवर बसून लिहिते आहे. सभेत तुमचा विषय निघाला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लातुरात तुमच्यावरून माणसं भांडतील, हे तुम्हाला खरं वाटलं नसतं. पण नीट सांगायचं तर सभा माझ्यावर होती. तुम्ही तिच्यात मागाहून आलात, आणि तुम्हाला मीच आणलं.

तुमची पहिली ओळख दिवाळीची. आमच्या कोष्ट्यांच्या गल्लीत नानकटाईचं पीठ घरीच मळायचे, पण भाजायला भट्टी कुणाकडे असणार? म्हणून पत्र्याचे डबे तुमच्याकडे यायचे. मायचा हिशेब सरळ होता. पीठ आपलं, तूप आपलं, डबा आपला, आणि विस्तवाला विटाळ नसतो. फक्त मध्ये कुणाचा हात लागायला नको. त्यासाठी घरातलं एक पोर डब्याजवळ बसवायची रीत होती. त्या वर्षी ते पोर मी. मी डब्याशेजारी उकिडवी बसलेली आहे, दोन्ही हात झाकणावर, आणि तुम्ही मागच्या दारातून आत येता. तुम्ही दारात उभे राहिलात की भट्टीत अंधार व्हायचा. बाक्सर म्हणून तुमचं नाव ऐकलेलं होतं, पण एवढा माणूस मी जवळून बघितलेला नव्हता. तुमच्या मनगटाएवढी माझी मांडी नव्हती.

"किसकी बेटी?" तुम्ही विचारलंत.

"कोष्ट्याची."

"और ये क्या? पहारा?"

"माय म्हणाली, हात लागू द्यायचा न्हाई."

तुम्ही लगेच दोन्ही हात पाठीमागे नेले. "लो, बांध लिया. अब डब्बा अंदर कौन ढकेलेगा? तेरी माय?" मी झाकणावरचे हात उचलले नाहीत. मग तुम्ही कोपऱ्यातली लांब दांड्याची फळी उचलून दाखवलीत. "ये लकडी की है. लकडी को चलता क्या, पूछ के आ."

तुम्ही चेष्टा केली होती. मी मात्र उठले आणि घरापर्यंत पळत गेले. माय म्हणाली, लाकडाला चालतं. तशीच पळत आले आणि धापा टाकत सांगितलं, "लाकडाला चालतं म्हणे." चाची इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. तुम्हीही हसलात, पण तुमचं हसू लवकर संपलं, हे मला आठवतं. तुम्हाला वाईट वाटलं होतं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारायची समज आली तेव्हा तुम्ही नव्हता. त्या डब्यातल्या नानकटाया कुठेच करपल्या नव्हत्या, हेही आठवतं. माय वर्षभर त्यांचं कौतुक सांगत होती, आणि कुणी भाजल्या ते सांगत नव्हती.

गावात तुमच्याविषयी काय काय बोलायचे! सिकंदराबादच्या छावणीत गोऱ्या सार्जंटला तुम्ही एका गुद्द्यात आडवा केला, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. बाकी ज्याची त्याची भर. कुणी म्हणे तो सार्जंट नंतर मुकाच झाला, कुणी म्हणे कर्नलानं टोपी काढून तुम्हाला सलाम ठोकला. नांदेड कुस्तीचं गाव. तालमीतल्या पोरांना गुद्दे मारून जिंकणं हे थोडं खोटंच वाटायचं. "पाठ टेकवता येत न्हाई म्हणून हाणतो," असं ती मागून म्हणायची आणि पुढून आली की चाचा चाचा करायची. एक पैलवान तर भट्टीवर येऊन म्हणाला होता, "चाचा, एकदा होऊन जाऊ द्या तुमचं आमचं." तुम्ही त्याला गरम पाव दिलात आणि म्हणालात, "तू पकडने आयेगा, मैं पकडने नै देता. लोगां क्या देखेंगे? दो आदमी गोल गोल फिरते?" तो पैलवान पाव खाऊन गेला.

मला त्या सार्जंटचं राहवत नव्हतं. तुमच्याकडे यायला जायला लागल्यावर एकदा विचारलंच, "चाचा, तो खरंच मुका झाला?" तुम्ही मैद्यात कोपरापर्यंत हात घातलेले आहेत. मान वर न करता म्हणता, "गिरा, वो सच. पर उठाया बी मैंच. उसका एक दांत मेरे हाथ के मोजे में अटक गया था. मैं निकाल के उसके हाथ में दिया. वो बोला, थँक्यू. मुका कहां से हुआ?" मग म्हणालात, "ये दांत की बात कोई नै बोलते." मी तुम्हाला वचन दिलं नव्हतं, पण ती गोष्ट सांगायची वेळ आली की मी दाताची बात सांगते. माझ्या शाळेतल्या मुलींना तीच जास्त आवडते.

तुमच्याकडे रोज येणं सुरू झालं ते शाळेमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरलेली नव्हती. माझ्या वडलांना, आबांना, मागावर शेकडो धागे ओळखता यायचे, पण अक्षर एक नाही. मला शाळेत घातलं ते त्यांनी, माय थोडी कुरकुरत होती. शाळेची वाट मारुतीच्या पारावरून जायची आणि पारावर पोरं बसलेली असायची. "ए मास्तरीण! कोष्ट्याची मास्तरीण! धोटा सोडून पाटी धरली!" म्हणत ती ओल्या मातीचे गोळे मारायची. गोळ्यांनी फार लागायचं नाही. पण शाळेत पोचेपर्यंत परकर बरबटलेला, पाटीवरचा अभ्यास पुसलेला, आणि वर मास्तरांची बोलणी. मी घरी पोट दुखतं म्हणून सांगू लागले. एकदा खोटं बोललं की माझं पोट खरंच दुखायचं, त्यामुळे मायलाही खरं वाटायचं. ती म्हणाली, "सोसत न्हाई तर ऱ्हाऊ दे शाळा. सुताच्या कांड्या भरायला हात कमीच हाय." आबा मागावर होते. त्यांनी धोटा फेकला आणि तो उभ्या धाग्यांतून पलीकडे गेलाच नाही, मध्येच अडकला, एवढं मी बघितलं.

शाळा सुटणार होती, चाचा. आज मागे बघते तेव्हा कळतं की ती आणखी आठ दिवसांत सुटली असती आणि मग कायमची. तुमच्या भट्टीवरून मी जाईनाशी झाले हे तुमच्या लक्षात आलं. मायनं पाव आणायला पाठवलं तेव्हा तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. मला वाटलं तुम्ही पारावर जाल, त्या पोरांना नुसते दिसलात तरी ती पळतील. तुम्ही म्हणालात, "मैं गया तो एक दिन भागेंगे. मैं रोज आऊं क्या तेरे साथ, बस्ता लेके?" आणि मला भट्टीमागच्या अंगणात नेलंत. तिथं कडुलिंबाच्या फांदीला भुशानं भरलेलं पोतं टांगलेलं होतं. चाची खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. ती उठली नाही. त्या दिवसापासून जेव्हा जेव्हा मी अंगणात आले, चाची त्याच खाटेवर काहीतरी निवडत बसलेली असायची. तेव्हा मला वाटायचं, यांच्याकडे तांदळात खडे फार.

तुम्ही आधी पाय शिकवलेत. डावा पुढे, उजवा मागे, टाच किंचित उचललेली. मग हात. मुठी गालांशी, कोपरं बरगड्यांशी. "अब चल." मी चालले. "ऐसे नै. चोर सरीखी नक्को चल. स्कूल तेरे बाप का है." आधी चालणं, मग अडवणं, आणि बऱ्याच दिवसांनी पोत्याला मारणं. पहिला गुद्दा मारला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "माफ करा." दुसऱ्यालाही तेच. तुम्हाला आधी वाटलं मी तुम्हाला म्हणते. मी पोत्याला म्हणत होते हे कळल्यावर तुम्ही खरोखर चिडलात. तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच एकदा ऐकला. "क्या किया उसने? क्या किया तूने? मारना है तो मार, नै मारना तो नक्को मार. मार के माफी मंगे तो दोनों का नुकसान!" मी रडू लागले. चाची खाटेवरून म्हणाली, "अजी, बच्ची है." तुम्ही म्हणालात, "बच्ची है करके तो बोल रा. बडी हुई तो कौन बोलेगा?" मग पोत्याभोवती एक चक्कर मारून आलात आणि हळू म्हणालात, "पोत्याची माफी मागणारा बाक्सर मी पहिला बघून राहिलो." माझ्याशी तुम्ही मराठी बोललात की समजायचं, राग गेला.

मायला कळलं तेव्हा ती तरातरा तुमच्या अंगणात आली. बाहेरच्या उंबऱ्यापाशीच उभी राहिली. "पोरीला पैलवान करून राहिले का तुम्ही? उद्या हिला नवरा कुठून मिळंल?" तुम्ही भट्टीत निघून गेलात. तुम्ही सार्जंटला भ्याला नव्हता, पण मायला भ्यालात. चाचीनं सूप खाली ठेवलं. "बाई, मेरे कू देखो," ती म्हणाली. "इत्ते बडे बाक्सर से निकाह हुआ. पूरा गाव डरता. घर में किसका चलता, पूछो." माय हसली नाही, पण तिथून हललीही नाही. उभ्या उभ्या तिनं माझं चालणं बघितलं, हात बघितले. शेवटी म्हणाली, "कोपरं सोलली तर खोबरेल लावीन. पर चोळी फाडून घरी आली, तर भट्टीत पानी ओतीन, सांगून ठेवते."

आणि मग ती सकाळ. मी पारापुढून जाते आहे, पाटी पाठीला बांधलेली, मुठी गालांशी. पोरं पारावर उभी राहिली. मग एकानं गोळा मारला, तो कोपरावर फुटला. दुसरा दंडावर. परकराला काही लागलं नाही. मी थांबले नाही आणि पळालेही नाही. पार ओलांडल्यावर मागून आवाज आला, "अरे ही तर बाक्सरीण झाली!" सगळी हसली. रोज हसायची, पण माती हळूहळू बंद झाली. बरबटायला परकरच मिळत नाही म्हटल्यावर त्यांना त्यात मजा राहिली नसावी. नाव मात्र टिकलं. बाक्सरीण. मास्तरीणपेक्षा मला ते बरं वाटायचं. मी कुणाला हात लावला नाही, तशी वेळच आली नाही.

प्राथमिकच्या पुढचे वर्ग मुलींसाठी नांदेडात नीट नव्हते, म्हणून मला लातूरला मावशीकडे धाडायचं ठरलं. निघायच्या आधी तुम्ही मला दोन पट्ट्या दिल्यात, हाताला गुंडाळायच्या. लाल काठाच्या, तीन बोटं रुंदीच्या, लांबच लांब आणि इतक्या घट्ट विणलेल्या की पाण्यानं ताठ व्हायच्या. कापड बघूनच मी विणकर सांगू शकते. किनार बघितली आणि मान वर केली. तुम्ही म्हणालात, "हौ. तेरे बाप के हाथ की है. मैं बोला दो पट्टी चाहिए, उन्ने पूछा बी नै काइकू." आबांनी घरी एक शब्द काढला नव्हता. आमच्याच मागावर, माझ्याच डोळ्यांदेखत ते विणलं गेलं असणार, आणि मला वाटलं असणार कुणाच्या तरी बैलाच्या शिंगांना बांधायचं आहे. लातूरच्या प्रवासात, परभणीला गाडी बदलताना, मी ते गाठोडं छातीशी धरून बसले होते.

तुम्ही गेलात ते मला आबांकडून कळलं. ते कधी लातूरला यायचे नाहीत, त्या वेळी आले. सकाळी भट्टी पेटवतानाच तुम्ही खाली बसलात आणि उठला नाहीत, एवढं त्यांनी सांगितलं. मग पाणी प्याले आणि म्हणाले, "लई जड माणूस. खांदे बदलीत बदलीत नेलं. मी बी दिला, नदीच्या वळणापर्यंत. तालमीतली समदी पोरं होती. इतका जड, पर खांदे कमी पडले न्हाईत." मागावर बसणारी माणसं असतात तसे आबांचे खांदे अरुंद आहेत. तुमच्या जनाज्याखाली ते कसे दिसले असतील याचा विचार मी कितीदा केला असेल. पुढे सुट्टीत नांदेडला गेले तेव्हा तुमच्या गोष्टी आणखी वाढलेल्या होत्या. उधळलेला बैल तुम्ही गुद्द्यानं बसवला, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सांगणारा तोच पैलवान होता. मी त्याला दुरुस्त करणार होते, पण तो रडत सांगत होता.

आता आजचं सांगते. ज्या शाळेत शिकले तिथंच मी दोन वर्षांपूर्वी बाई म्हणून लागले. ड्रिलचा तास कुणालाच नको होता, तो माझ्याकडे आला. आमच्या मुली भिंतीकडेनं चालतात, चाचा. बाजारातून येताना खांदे आत घेऊन, वही पोटाशी धरून येतात. मी त्यांना हात वर घ्यायला शिकवलं. मुठी गालांशी, कोपरं बरगड्यांशी, आणि श्वास चुकू नये म्हणून ओठांतल्या ओठांत दहापर्यंत मोजायचं. पट्ट्यांच्या जागी जुन्या लुगड्यांच्या चिंध्या. शाळेची मागची भिंत ठेंगणी आहे, पलीकडे धान्याच्या आडतीची गोदामं. एका मुलीचे वडील तुरीचे आडते आहेत. ते पोत्यांच्या थप्पीवर चढले होते, तिथून त्यांना आमचं अंगण दिसलं. मुली रांगेत उभ्या, दोन्ही हात तोंडापुढे उचललेले, आणि सगळ्यांचे ओठ हलताहेत.

यंदा इथली हवा बिघडलेली आहे. दोन माणसं बोलत असली आणि तिसरा आला, की आधी त्याची टोपी बघतात. दिवस मावळायच्या आत गावभर झालं की नांदेडची बाई पोरींना रांगेत उभं करून दुवा मागायला शिकवते. "उर्दू फाडफाड वाचती म्हणं." "ट्रंकेत पुस्तकं हायेत, माझ्या पोरीनं बघितली." पुस्तकं आहेतच. आम्हाला शाळेत उर्दू घ्यावीच लागायची, ती सगळ्यांच्या ट्रंकेत आहेत. पण हे कुणी आठवायला तयार नव्हतं. तीन मुलींना शाळेतून काढलं. शाळा चालवणाऱ्या मंडळानं सभा बोलावली. ड्रिलचा तास बंद होणार, हे तर उघड होतं. त्याच्याबरोबर मीही जाणार की काय, हे ठरायचं होतं. मी गेले तर आणखी किती मुली जातील, हे मोजायचं मी टाळत होते.

शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. त्या माणूस म्हणून फार चांगल्या आहेत. "ड्रिलच्या पुस्तकातून शिकवलं म्हणा," त्या म्हणाल्या. "पुस्तकात हात वर करणं असतंच. त्यात खोटं काय?" मी ते पुस्तक काल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितलं. मुठी सापडाव्यात म्हणून मनापासून बघितलं. हात वर होते, हात पुढे होते, हात बाजूला होते. मुठी कुठेच नव्हत्या.

सकाळी सतरंजीवर पुरुष बसलेले, दारात बायका, त्यांच्या मागे मुली. मंडळाचे एक वकील प्रश्न विचारत होते. "हा प्रकार तुम्हाला कुणी शिकवला?" मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "नांदेडला आमच्या गल्लीत एक भट्टीवाले चाचा होते. फौजेत बाक्सर होते. त्यांनी."

"म्हणजे मुसलमान."

"हो."

आडते गुडघ्यावर उठले. "बघा! मी काय म्हणून राहिलो?" वकिलांनी त्यांना हातानं बसवलं आणि शांतपणे म्हणाले, "एक पाववाला परक्या घरच्या मुलीला अंगणात नेऊन असलं काही शिकवतो. तो कसला माणूस असेल, हे मी सांगायला नको."

मला वाटलं होतं मी रडेन. मी म्हणाले, "त्यांची बायको तिथं बसलेली असायची. माझी आई येऊन बघून गेली होती. हातावरच्या पट्ट्या माझ्या वडलांनी विणून दिल्या. ते गेले तेव्हा वडलांनी खांदा दिला. तो कसला माणूस होता, हे तुम्हाला विचारायचं असेल तर माझ्या वडलांना बोलावून विचारा. ते येतील." शब्द एकेक करून सगळे आले.

मग आडते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. माझी पोर तोंडापुढं हात धरून ओठ हलवून राहिली होती. ह्या डोळ्यांनी बघितलं. ती काय करत होती?"

दारातून बारीक आवाज आला. "मोजत होते, आप्पा."

"काय मोजत होतीस?"

"दहापर्यंत."

"इकडं ये. दाखव." ती आली. अकरा वर्षांची, काडीसारखी. बापापुढे उभी राहिली, डावा पाय पुढे घेतला, मुठी गालांशी नेल्या. आडते उठून तिला इकडून तिकडून बघत राहिले. "आन ह्यानं काय होतं?"

"तुम्ही मारा ना, आप्पा."

ते ओशाळले. लोकांकडे बघून हसले आणि लाडानं चापट मारावी तसा हात तिच्या गालाकडे नेला. तिनं तो कोपरानं बाजूला सारला, आणि मी काही म्हणायच्या आत दुसरी मूठ त्यांच्या पोटात बसली. आडत्यांचं पोट चांगलं सुटलेलं आहे. आवाज सगळ्या सभेनं ऐकला. "अगं माय!" ते म्हणाले आणि खाली बसले. तेवढ्यात दारातली एक म्हातारी, कुणाची तरी आजी, मोठ्यानं म्हणाली, "का रं बाबांनो, दुवा मागताना कुनी बापाच्या पोटात गुद्दा हाणतं व्हय?"

आधी बायका हसल्या. मग सतरंजी हसली. सगळ्यात शेवटी आडते, पोट चोळत. "न्हाई," ते म्हणाले, "ही दुवा न्हाई." मुलगी घाबरून उभी होती. त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि सभा संपेपर्यंत तिची मूठ हातात धरून, उघडून मिटून बघत होते.

ड्रिलचा तास राहिला, चाचा. वेळापत्रकात बाक्सिंग लिहायचं नाही, कवायत लिहायचं, असं वकिलांनी ठरवून घेतलं. मागची भिंत उंच करायची, विटा आडते देणार आहेत. ज्या आयांना बघायचं असेल त्यांनी येऊन बसावं. मी म्हटलं, येताना तांदूळ निवडायला आणा. काढलेल्या तीनपैकी दोघी उद्यापासून येतील. तिसरीचे वडील सभा संपायच्या आत उठून गेले. उद्या शाळा सुटल्यावर मोठ्या बाई आणि मी त्यांच्या घरी जाणार आहोत. ते दार उघडतील की नाही, मला माहीत नाही, पण मी जाणार आहे. जाताना आडते माझ्यापाशी थांबून म्हणाले, "बाई, शिकवा, पर बापाला हाणायचं न्हाई, हे आधी शिकवा." मी हो म्हणाले. हा धडा तुम्ही मला दिला नव्हता, मला तो नव्यानं बसवावा लागेल.

चाची हल्ली हिमायतनगरला भावाकडे असते. दिवाळीत गेले की हे तिला वाचून दाखवावं असं मनात आलं होतं. पण एक गोष्ट तिलाही वाचून दाखवता येणार नाही, म्हणून हा कागद पेटीतच राहील. तुम्ही शिकवलेलं मी आजवर कुणावरही वापरलं नाही, हे खरं आहे. पण वकील "तो कसला माणूस असेल" म्हणाले तेव्हा माझा डावा पाय आपोआप पुढे गेला होता आणि पदराखाली मूठ वळली होती. मी त्यांची हनुवटी बघून ठेवली होती. हात पोचला असता, चाचा.